मॉनिटरवरची चिठ्ठी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या बाबांच्या कम्प्युटरचा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ आहे, बाबा सोडून. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर लिहून तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असायचा. तरी रोज सकाळी एका बोटानं आठ अक्षरं शोधायची, कॅप्स लॉक चालूच राहायचा, की मला फोन. शेवटी म्हटलं, किल्ली कुलपालाच लटकवून ठेवायची, तर कुलूप हवंय कशाला?

तुमचाही कम्प्युटर पासवर्ड न विचारताच सुरू व्हावा असं वाटत असेल आणि त्यात विंडोज असेल, तर कागद-पेन घ्या. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल, तिच्यात टाइप करा: एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड. एंटर. खात्यांच्या यादीच्या वर टिकमार्क असलेलं एक वाक्य दिसेल, युजर्स मस्ट एंटर वगैरे. आपलं खातं निवडा, टिकमार्क काढा, ओके दाबा. मग पासवर्ड दोनदा विचारला जातो. इथे रोजचा चार आकडी पिन चालत नाही हं, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. बाबांचं घोडं इथेच अडलं होतं.

विंडोज अकरामध्ये ते वाक्यच दिसत नसेल तर आधी सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे जाऊन 'फक्त विंडोज हॅलो', म्हणजे चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिननंच आत जायचं, या अर्थाचा पर्याय बंद करा. झोपलेला कम्प्युटर जागा झाल्यावर पुन्हा पासवर्ड मागतो, ती सेटिंगही तिथेच आहे.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवतं तिथे, पासवर्ड लिहून टाका, असाही एक उपाय सांगतात. तो करू नका. डिफॉल्टपासवर्ड या नावाखाली तो तिथे जसाच्या तसा, वाचता येईल असा पडून राहतो. म्हणजे तीच चिठ्ठी, फक्त मशीनच्या पोटात!

आणि लॅपटॉपवर हे अजिबात नको. बाबांचा डेस्कटॉप टेबलावरून हलत नाही, लॅपटॉप एसटीत विसरतो. डेस्कटॉपवरसुद्धा ब्राउझरमध्ये साठवलेला बँकेचा पासवर्ड मी आधी पुसला, कारण बटण दाबेल त्याच्यापुढे आता सगळंच उघडं.

चिठ्ठी मात्र फाडली नाही. मूळ पासवर्ड कधीतरी लागतोच. ती आता कपाटात, पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात आहे.