तिखटाचं बोचकं

श्रोतेहो, नमस्कार.

“अगं, हा तर पाणाड्या!” माझ्या सासूबाई एकदम बोलल्या. पडद्यावर अमेरिकेतला एक माणूस हातात काठी धरून रानातलं पाणी शोधत होता. सासूबाईंना खालच्या पट्टीवरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, कोरियन बोलणं तर लांबच. तरी त्यांनी ओळखलं.

सिनेमा होता ‘मिनारी’, २०२० सालचा. दिग्दर्शक ली आयझॅक चंग यांनी तो स्वतःच्या बालपणावरून रचलाय. १९८०च्या दशकात एक कोरियन जोडपं आर्कान्सा राज्यात शेती करायला येतं. पोटासाठी दोघं कोंबडीच्या पिलांतले नर-मादी निवडायचं काम करतात. घरधनी पाणाड्याला परत पाठवतो, आपल्याच अकलेनं विहिरीची जागा धरतो. पुढं ती विहीर आटते. बोअर कोरडा गेल्यावर घरातलं बोलणं कसं तुटक होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्या नवरा-बायकोचं तसंच होतं. माया असते, पण ती भांडणाखाली दबून जाते.

परदेशी सिनेमा आपला नव्हे म्हणून आपण लगेच चॅनेल बदलतो. एवढं करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मग बाईची आई येते कोरियाहून. सामान सोडते. लाल तिखट निघतं, सुकी मासळी निघते. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. “माय आली की तिची, म्हणून रडायली,” सासूबाई म्हणाल्या. ही आजी झाली युन यु-जंग, त्यांना २०२१ साली ऑस्कर मिळालं. नातवाला सुरुवातीला ती नकोशी वाटते. ती मात्र ओढ्याकाठी मिनारी नावाची भाजी लावते. ही भाजी पाणी दिसेल तिथं फोफावते.

आमच्या बीडकडं तिखटाचं बोचकं दसऱ्यानंतर बांधलं जातं, पण उलट्या दिशेनं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. तो निघतो साखर कारखान्याला, आणि आजी लेकरं घेऊन मागं राहते.

सिनेमा संपल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिच्या लेकीनं तिला बोलावून तरी घेतलं.”

माझ्या दिराची दोन लेकरं त्यांनी सहा-सहा महिने सांभाळलीत. धाकटा गाडीमागं वेशीपर्यंत पळायचा. त्याला कडेवर घेऊन परत यायच्या त्या ह्याच.