एका खाड्याचा हिशोब

नमस्कार मंडळी! आज जरा अवघड विषय घेतलाय, घरात सासू-सुना दोघी बसल्या असतील तरी रेडिओ बंद करू नका, उलट थोडा आवाज वाढवा.

बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज या पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या चार बायका एकत्र बसल्या ना, की "तुझी पिशवी काढली का गं" असं सहज विचारतात, आपण चहा झाला का विचारतो तसं. पिशवी म्हणजे गर्भाशय. आणि "काढली की" म्हणणारी बाई कधीकधी तिशीचीसुद्धा नसते.

२०१९ ला हे पेपरात गाजलं, मग सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागं एक! आता एवढ्या बायकांना एकदम असला कुठला आजार झाला?

तर आजाराच्या आधी कामाचा हिशोब बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, कोयत्यामागं उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि ती सगळी फिटेपर्यंत सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं कारखाना तिथं तोडायचं, सहा-सहा महिने. बाई एक दिवस कोपीत, म्हणजे झोपडीत पडून राहिली की तो खाडा, आणि खाड्याला दंड, पाचशे रुपये, कुठं हजार सुद्धा. ती नसली म्हणजे कोयताच मोडला ना, एकट्या नवऱ्यानं तोडायचं कधी अन् मोळ्या वाहायच्या कधी.

पहाटे उठून स्वयंपाक, मग दिवसभर फड, म्हणजे ऊस तोडायचं शेत, डोक्यावर ३०-४० किलोची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, रात्री गाडी आली तर झोपेतून उठून भरायची. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीत तोच कपडा दिवसभर. लग्न झालेलं असतं चौदा-पंधराव्या वर्षी, कारण आईबाप फडावर गेल्यावर वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. मग विशीच्या आत दोन-तीन लेकरं. पोटात दुखणं, अंगावरून जाणं हे सगळं तिथूनच येतंय.

मार्चनंतर गावी आली की ती डॉक्टरकडं जाते. गोळ्या-औषधांनी बरं होण्यासारखं पुष्कळदा असतं, पण त्याला वेळ लागतो, फेऱ्या माराव्या लागतात. आणि समोरचा म्हणतो, पिशवी खराब झालीये, ठेवली तर कॅन्सर होईल. ती पण मनात हिशोब करते, पाळीच गेली तर खाडा पण गेला! ऑपरेशनला पैसे कुठून, तर पुढच्या सीझनची उचल. तीसुद्धा तोडूनच फेडायची, सांगा आता.

पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली असतील तर पाळी जाण्याचं वय वीस वर्षं आधीच येतं, अंगाची आग होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. कंबर धरते, गुडघे धरतात, आणि मोळी काय हलकी होत नाही. खाडे उलट वाढतात.

बोभाटा झाल्यावर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना नियम लागला, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही. चांगलंच झालं. पण मला विचाराल तर अर्धंच झालं, डॉक्टरवर लगाम आला आणि मुकादमाची वही तशीच राहिली. पाळीचे दोन दिवस पगारी सुट्टी, फडावर फिरता दवाखाना, पाणी, संडास... कारखान्याला हे काय जड आहे का? मळीपासून दारू, इथेनॉल, चिपाडापासून वीज, उसाचं काही म्हणून वाया जाऊ देत नाहीत हे लोक.

तर तुमच्या ओळखीत कुणाला पिशवी काढायला सांगितलं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात मागून घ्या, आणि अंडाशयं ठेवणार का काढणार हे ऑपरेशनच्या आधी विचारा. विचारायला लाजू नका, नवऱ्यालाही सोबत न्या. येतो मंडळी, पुढच्या बुधवारी भेटू, याच वेळेला.