महर्षी इतक्या घाईने चालत नव्हते

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘अध्यात्मपुरुषांच्या चित्रफितींचं जतन’. त्या जतनाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला एका गोष्टीचा निकाल लावू द्या, कारण ती मला फार वर्षं सलते आहे.

रमण महर्षींची जुनी चित्रफीत तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? हात वर करा. बरेच आहेत, छान. आता सांगा, त्यात महर्षी कसे चालताना दिसतात? बरोबर, भरभर. हातात काठी, कमरेला कौपीन, मागे सेवेकरी, आणि सगळे जण गाडी चुकेल अशा गतीने निघालेले. माझं म्हणणं एवढंच आहे की महर्षी असे चालत नव्हते. त्यांचे गुडघे संधिवाताने धरलेले होते, म्हणून तर हातात काठी होती. ही घाई त्यांची नाही, आपण त्यांना लावलेली आहे.

कशी, ते सांगतो. त्या काळचे हौशी लोक १६ मिलिमीटर, नाहीतर ८ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या कॅमेऱ्यावर मूकपट घ्यायचे. चावी भरायची आणि बटण दाबायचं. सेकंदाला साधारण १६ फ्रेम, म्हणजे फितीवरची सुटी चित्रं, पुढे सरकायच्या. बोलपटाची गती पुढे सेकंदाला २४ ठरली. आता १६ ने घेतलेलं २४ ने दाखवलं की सगळं दीडपट वेगाने पळतं. १६ मिलिमीटरच्या शंभर फुटांच्या रिळात चार हजार फ्रेम मावतात. खऱ्या गतीने ते रीळ चार मिनिटं दहा सेकंद चालतं, २४ ने दाखवलं तर पावणेतीन मिनिटांत संपतं. म्हणजे महर्षींच्या सहवासातलं जवळजवळ दीड मिनिट आपण खाल्लं. एवढ्याशा चित्रणातलं दीड मिनिट थोडं नसतं, मंडळी.

हे चित्रण मुळात किती थोडं आहे ते लक्षात घ्या. महर्षी १८९६ च्या १ सप्टेंबरला तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैला आले आणि १४ एप्रिल १९५० ला देह ठेवेपर्यंत तिथून हलले नाहीत. त्यातली कित्येक वर्षं ते तिथल्या अरुणाचल डोंगरावरच होते, आधी विरूपाक्ष गुहेत, मग १९१६ पासून स्कंदाश्रमात. आई १९२२ मध्ये गेली, तिची समाधी पायथ्याशी झाली आणि त्याच वर्षी तेही खाली आले. गुहेतल्या त्या वर्षांचं हलतं चित्र आपल्याला कुठून मिळणार? १६ मिलिमीटरची फिल्मच मुळी १९२३ साली बाजारात आली. पुढे पॉल ब्रंटन या इंग्रज लेखकाचं, महर्षींची ओळख करून देणारं पुस्तक १९३४ मध्ये निघालं, परदेशी पाहुण्यांचा ओघ वाढला आणि त्यांच्यातल्या काहींच्या खांद्याला कॅमेरा होता. म्हणजे ५४ वर्षांच्या वास्तव्यातली शेवटची वर्षं तेवढी फितीवर आली, तीही चावीच्या कॅमेऱ्याने, तुकड्यातुकड्यांत.

आणि त्यात आवाज नाही. महर्षींच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण आजवर समोर आलेलं नाही. आपल्याकडे गाडगेबाबांची गोष्ट पाहा. ८ नोव्हेंबर १९५६ चं वांद्र्याचं कीर्तन, त्यानंतर दीडएक महिन्यात बाबा गेले. त्या कीर्तनातला खडा आवाज, लोकांना विचारलेले प्रश्न, लोकांचा होकार, हे सारं आज आपल्या कानाशी आहे. गाडगेबाबांचा आवाज आपल्याला मिळाला, महर्षींची चाल मिळाली. मग ज्यांची फक्त चालच आपल्याकडे आहे, त्यांची चालच बिघडवायची?

अहिल्यानगरजवळच्या (तेव्हाचं अहमदनगर) मेहेराबादचंही उदाहरण घ्या. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन घेतलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे, १९५४ मध्ये तीही बाजूला ठेवली आणि मग नुसत्या हातांच्या खुणा राहिल्या. ज्या माणसाचं सगळं बोलणं हातात आहे, त्याची फीत दीडपट वेगाने लावणं म्हणजे त्याचं बोलणं तोडणं आहे. पाटीवरच्या अक्षरावर बोट किती क्षण थांबलं, कुठे रेंगाळलं, यात अर्थ असतो. मी हे कळवळून सांगतो तेव्हा काही मंडळी म्हणतात, दर्शन झालं ना, मग वेगाचं काय घेऊन बसलात? मला उलट वाटतं. ज्याला खरंच दर्शन हवंय, त्यानेच वेगाचा आग्रह धरायला हवा.

त्यात पुन्हा बासरी असते. हो, हसू नका! प्रत्येक मूक फितीवर कुणीतरी बासरी चढवलेलीच असते. जिथे बासरी नाही तिथे पावसाचा आवाज. माझी विनंती आहे, बासरी लावायचीच असेल तर लावा, पण वेगळ्या प्रतीवर लावा आणि मूळ मूक प्रत तशीच ठेवा. शांतता ही त्या चित्रणाची उणीव नाही, ते तसंच घेतलं गेलं आहे.

आता एक हकिकत सांगतो. वेळ थोडा जाईल, पण ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही. सह्याद्रीतल्या एका डोंगरावर एक मठ आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि आजही मनापासून सेवा करतात. तिथल्या महाराजांचं चित्रण एका शिष्याने १६ मिलिमीटरवर केलं होतं. विश्वस्तांनी मला बोलावलं, ‘आमच्याकडे महाराजांची फिल्म आहे, जरा स्वच्छ करून द्या.’ मी वर गेलो. त्यांनी डीव्हीडी लावली. चित्राच्या तळाला व्हिडिओ कॅसेटच्या थरथरणाऱ्या रेषा, म्हणजे मधे व्हीएचएस होऊन गेलेली. चारी कडा कापलेल्या. चेहऱ्यावर पांढरा लोळ, कारण कुणीतरी भिंतीवर फिल्म दाखवून तिचं व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण केलेलं. आणि अर्थातच बासरी.

मी म्हटलं, यातून फार काही निघणार नाही, मूळ रिळं दाखवा. विश्वस्त शांतपणे म्हणाले, ‘साहेब, त्यांचं विसर्जन केलं.’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. रिळांना आंबूस वास यायला लागला होता, फीत वाकडीतिकडी झाली होती, डब्यांना गंज चढला होता. डीव्हीडी तर झालेलीच होती. महाराजांची फिल्म भंगारात कशी द्यायची? म्हणून भंगलेल्या मूर्तीचं करतात तसं त्यांनी केलं. डब्यांना हार घातले, आरती केली आणि डब्यांसकट रिळं नदीत सोडली. बोलताना त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय बोलणार? तिथे हलगर्जीपणा नव्हता, भक्ती होती. त्यांना वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिथे एक वृद्ध सेवेकरी बसले होते. डीव्हीडी संपल्यावर ते म्हणाले, ‘यात टाकं दिसत नाही.’ कुठलं टाकं? महाराज रोज पहाटे कातळातल्या टाक्यातून पाणी काढून झाडांना घालायचे, ते त्या रिळात होतं. पडद्यावर डाव्या कडेला टाक्याची पायरी दिसायची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ती डावी कड व्हीएचएस करताना कापली गेली. आणि टाकं? सभामंडप वाढवताना ते बुजवलं. नेमकं कुठे होतं याबद्दल आज मठात दोन मतं आहेत, आणि वाद मिटवणारा एकमेव पुरावा नदीत आहे.

म्हणून म्हणतो, या फिती एकट्या गुरूच्या नसतात, डोंगराच्याही असतात. अरुणाचलाचा उतार आज हिरवा दिसतो, ती गेल्या काही दशकांतल्या वृक्षलागवडीची करणी आहे. जुन्या चित्रांत महर्षींच्या मागे उघडे धोंडे दिसतात. पाऊलवाट कुठून वळायची, झाड कुठे होतं, सावली कुणाची होती, हे सगळं पार्श्वभूमीत असतं आणि तीच पार्श्वभूमी आपण कडा कापून टाकतो. आता इथे मला आणखी एक...

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं.’ बरं. मग जतनाचं पटापट सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

आधी भीती काढून टाका. जुनी फिल्म पेट घेते, हे नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाच्या, चित्रपटगृहांतल्या ३५ मिलिमीटर फितीबद्दल खरं आहे. पुण्यात २००३ साली अशीच आग लागून आपल्या जुन्या चित्रपटांची रिळं गेली. पण १६ मिलिमीटर हौशी लोकांसाठी निघालेली, तिचा पाया सुरुवातीपासून ॲसिटेटचा, न भडकणारा. घरात पेटेल म्हणून ती कुणी टाकून देऊ नका. तिचा शत्रू वेगळा आहे. उष्णता आणि दमटपणा यांनी ॲसिटेट कुजतं, त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल कुजणं आणखी वाढवतं. तो आंबूस वास म्हणजे हे आम्ल. फीत आक्रसते, वाकते, शेवटी चित्राचा थर सुटतो. पेटीतला एक आंबा नासला की शेजारचे नासतात, तसं हे शेजारच्या रिळांनाही लागतं. वास येणारा डबा आजच वेगळा काढा.

प्रोजेक्टरवर लावून पाहू नका. हे सगळ्यांत महत्त्वाचं. हौशी चित्रण बहुतेक रिव्हर्सल फिल्मवर व्हायचं. म्हणजे कॅमेऱ्यात गेलेली फीतच धुऊन थेट पडद्यावर दाखवायची. वेगळी निगेटिव्ह नसतेच. तुमच्या हातातलं रीळ जगातलं एकमेव असू शकतं आणि आक्रसलेल्या फितीची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांत फाटतात. कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मचे रंग अंधारात उत्तम टिकतात, ते प्रोजेक्टरच्या दिव्याखाली जाळू नका.

वासाचं रीळ काढून ठेवलं म्हणजे काम झालं असं नाही, त्याचंच स्कॅनिंग सगळ्यांत आधी करा. कोण करून देईल ते विचारताना एकच प्रश्न विचारा: फ्रेम न् फ्रेम सुटी मिळेल का? सुटी मिळाली की वेग नंतर ठरवता येतो आणि पुन्हा बदलताही येतो. चावीच्या कॅमेऱ्याचा वेग दर तुकड्याला थोडा हलतो, म्हणून माणसाची पावलं, ओतलेलं पाणी, झेंड्याची फडफड पाहून एकेका तुकड्याचा वेग लावायचा. कडा फितीच्या छिद्रांपर्यंत घ्यायला सांगा. ओरखडे पुसायचे तर प्रतीवर पुसा, पहिली स्कॅन तशीच ठेवा. दोन-के दर्जात, म्हणजे आडवे सुमारे दोन हजार ठिपके असलेल्या चित्रात, एक फ्रेम सुमारे १२ एमबी धरली तर शंभर फुटांचं रीळ पन्नास जीबीच्या घरात जातं. हा आकडा ऐकून विश्वस्त दचकतात, पण सभामंडपाच्या फरशीपुढे हा खर्च काहीच नाही. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा.

आणि स्कॅन झालं तरी मूळ रीळ टाकायचं नाही. उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असणार. रिळं माळ्यावर नको, पत्र्याखाली नको, देवघरात समईशेजारी तर नकोच. संग्रहालयं ती दोन ते पाच अंश तापमानात आणि तीस-चाळीस टक्के आर्द्रतेत ठेवतात. आपल्या मठाला ते जमणार नाही, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाकडे विचारणा करा. तिथे हे काम १९६४ पासून चालू आहे.

शेवटचं, कारण अध्यक्ष उठले आहेत. चित्रणातली माणसं ओळखणारे वृद्ध जिवंत आहेत तोवर त्यांना फीत दाखवा, अर्थात स्कॅन केलेली. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: कोण, कुठे, कोणती दिशा, मागे काय दिसतं. साल ठाऊक नसेल तर अंदाज लिहा, पण समोर ‘अंदाजे’ हा शब्द लिहा. आणि ते कुणी सांगितलं त्यांचं नावही लिहा. त्या सेवेकऱ्यांनी सांगितलेली टाक्याची जागा मी त्याच दिवशी कागदावर काढून घेतली आणि खाली त्यांची सही घेतली. त्याची एक प्रत मठात दिली आहे.