वळण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भाषेत अक्षराला वळण असते आणि वागण्यालाही वळण असते. या दोन्हींसाठी मराठीने एकच शब्द ठेवला, याचे मला फार अप्रूप वाटते. अक्षराचे वळण कुणाच्या उपदेशाने लागत नाही. तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवावे लागते. सुरुवातीला बोटे अवघडतात, रेघ हलते, आणि पुष्कळ दिवसांनी लक्षात येते की हात आता अक्षराचा विचार न करताच लिहू लागला आहे. माणसाचे शीलही असेच घडते का, या प्रश्नाकडे निरनिराळ्या धर्मपरंपरांनी कसे पाहिले, याविषयी मी आज बोलणार आहे.

इस्लामी विचारवंत अल्-गझाली (1058–1111) यांनी नेमका हाच दाखला दिला आहे. सुलेखनकार होऊ इच्छिणाऱ्याने निष्णात सुलेखनकाराच्या हाताची चाल गिरवीत राहावे. जे आरंभी ओढूनताणून केलेले अनुकरण असते तेच पुढे त्याचा स्वभाव होते. त्याचप्रमाणे ज्याला उदार व्हायचे आहे त्याने, मन मागे ओढत असतानाही, उदार माणसाची कृत्ये करीत राहावीत. शील म्हणजे अंतःकरणाची अशी स्थिर अवस्था की जिच्यातून कृती सहज, विचारमंथनाशिवाय उमटते, अशी त्यांची व्याख्या आहे. त्यांच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी ॲरिस्टॉटलने वाद्य वाजवूनच वादक होता येते आणि न्यायाने वागूनच न्यायी होता येते, असे म्हटले होते. ग्रीक भाषेत सवय आणि शील यांचे शब्द केवळ पहिल्या स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घ भेदाने वेगळे होतात, याकडेही त्याने लक्ष वेधले होते.

या विचारातला मला सर्वात धारदार वाटणारा दाखला ज्यू परंपरेतला आहे. ज्यू धर्मपंडित मायमोनिडीज (1138–1204) म्हणतात, एखाद्याने हजार सुवर्णनाणी एकाच माणसाला एकाच वेळी दिली आणि दुसऱ्याने तीच हजार नाणी हजार वेळा, एकेक करून दिली, तर औदार्य हा गुण दुसऱ्याच्या अंगी बाणतो, पहिल्याच्या नाही. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब खटकतो, कारण एक नाणे कुणाचे आयुष्य सावरत नाही आणि हजार नाणी कदाचित सावरतील. परंतु मायमोनिडीज इथे देणाऱ्याच्या मनात काय घडते ते पाहत आहेत. मोठे दान उचंबळून आलेल्या एका क्षणात होऊन जाते, आणि ती लाट ओसरल्यावर मनुष्य जिथे होता तिथेच राहतो. हजार वेळा देणाऱ्याला मात्र मूठ हजार वेळा उघडावी लागते; त्यातल्या शेकडो वेळा त्याला द्यावेसे वाटत नसते, आणि खरे शिक्षण त्याच वेळी होत असते. अल्लाहला सर्वाधिक प्रिय ते कर्म, जे थोडे असले तरी सातत्याने होते, हे पैगंबरांचे वचनही हाच रोख धरून आहे. तुकोबांनी अभ्यासाचे बळ सांगताना खडक भेदणाऱ्या ओल्या मुळाची आठवण करून दिली. त्या मुळाजवळ खंड न पडणाऱ्या ओढीवाचून दुसरे काहीच नसते.

म्हणूनच बहुतेक परंपरांनी आपली साधना घड्याळाला बांधली. पाच वेळची नमाज, शिखांचा नितनेम म्हणजे रोजचा नेमाचा पाठ, सहाव्या शतकापासून संत बेनेडिक्टच्या ख्रिस्ती मठांत दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा होणारी प्रार्थना, ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. जैनांचे सामायिक मला विशेष वाटते, कारण त्यात संसारी श्रावक एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे, समभावात राहण्याचा नेम करतो आणि तेवढ्या वेळापुरता तो श्रमणासारखा, म्हणजे साधूसारखा, होतो, असे मानले जाते. जी अवस्था अद्याप आपली नाही, ती थोडा वेळ जगून पाहायची, आणि उद्या पुन्हा जगून पाहायची.

अर्थात वळण वाईटही लागते, आणि त्याची रीत तीच असते. भिक्षू ज्या गोष्टीचे वारंवार चिंतन करतो तिकडे त्याच्या चित्ताची 'नति' होते, असे बुद्धाचे वचन आहे; नति म्हणजे झुकणे, कलणे. संत ऑगस्टीन (354–430) यांनी स्वतःच्या आयुष्याकडे पाहून ही साखळी मांडली: इच्छा वाकडी झाली की वासना जन्मते, वासनेचे लाड पुरवले की सवय होते, आणि सवयीला विरोध केला नाही की ती अपरिहार्य होऊन बसते. या साखळीतली एकही कडी बाहेरून कुणी घातलेली नव्हती, ही त्यांची वेदना आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 1517 साली ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी ॲरिस्टॉटलच्या मताला थेट विरोध केला. आपण नीतीची कृत्ये करून नीतिमान होत नाही, तर देवाने नीतिमान केल्यामुळे नीतीची कृत्ये करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. देवाच्या कृपेचा हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी या आक्षेपातली एक गोष्ट उरतेच. जपमाळ ओढणारा हात वर्षानुवर्षे फिरतो आणि मन तसूभरही हलत नाही, हे कबीरांपासून अनेकांनी बजावले आहे. मग केवळ पुनरावृत्तीवर भिस्त कशी ठेवायची? पतंजलींच्या योगसूत्रांत याचे उत्तर आहे, असे मला वाटते. अभ्यास दृढ होण्यासाठी तिथे तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि सत्कारपूर्वक व्हावा. आपण पहिल्या दोन अटी लक्षात ठेवतो आणि तिसरी विसरतो. सत्कार म्हणजे आदर, आस्था. इस्लाममध्ये कर्माआधी 'नियत' लागते, ज्यू प्रार्थनेत 'कव्वाना', म्हणजे मनाची एकाग्र दिशा लागते, ती याचसाठी. शरीराचा नेम हे केवळ पात्र आहे. ते रोज घासून ठेवले तरी ते भरण्याचे काम निराळे उरते.

आणि खंड पडलाच तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. परंतु एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही, असेही त्यांना आढळले. परंपरांना ही गोष्ट आपल्या भाषेत ठाऊक होती. जैनांचे प्रतिक्रमण, ज्यूंची तेशुवा आणि मुसलमानांची तौबा, या तीन शब्दांचे मूळ पाहिले तर तिन्हींचा अर्थ परत वळणे असाच होतो. अपराधाची टोचणी त्यात येते, परंतु त्या शब्दांचा भर पावलावर आहे. पश्चात्ताप पुरा झाला हे कसे ओळखावे, याची मायमोनिडीज यांनी दिलेली कसोटीही अश्रूंची नाही: तोच प्रसंग पुन्हा समोर यावा, तीच ओढ असावी, चूक करण्याची शक्तीही असावी, आणि तरीही त्या वेळी माणसाने ती करू नये.