तीन ओळींतला क्रॅश

(काळा पडदा. टर्मिनलवर दोनच शब्द: सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला.)

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चूक झाली, तर फाइल कळते, ओळ कळते. इथे काहीच कळत नाही. कारण कोसळलाय तो प्रोग्राम चालवणारा, सी भाषेत लिहिलेला इंटरप्रिटर.

गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात पायथन लिहायला घेतलं. त्यातला मेमरीचा मूळ हिशेब साधा आहे. प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला, किती जणांनी धरून ठेवलंय, याचा एक आकडा असतो. तो शून्य झाला, की मेमरी मोकळी.

(पडद्यावर सी कोडच्या तीन ओळी.)

हे उदाहरण पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातलं. पहिली ओळ लिस्टमधला पहिला घटक घेते, पण उधार. आकडा वाढत नाही. दुसरी ओळ लिस्टच्या दुसऱ्या जागी शून्य ठेवते. तिसरी तो पहिला घटक छापते. कितीही वेळा वाचा, काही खटकत नाही.

पण दुसऱ्या जागेवरून जो ऑब्जेक्ट हटला, त्याचा आकडा शून्य झाला, तर जाता जाता त्याची 'डेल' मेथड, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड, चालते. ती पायथनमध्ये लिहिलेली, त्यामुळे काहीही करू शकते. तिने लिस्टमधला पहिला घटकच काढून टाकला, तर तिसरी ओळ मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालते. पायथनच्या एका जुन्या आवृत्तीत अशा चुका खरोखर होत्या, आणि त्यापायी कुणीतरी सीच्या डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) बराच काळ घालवला, असं तिथेच नोंदवलंय.

इतका वेळ जातो, कारण मोकळी जागा लगेच पुसली जात नाही. कधी जुना मजकूर शाबूत असतो आणि सगळं सुरळीत चालतं. कधी तिथे दुसराच ऑब्जेक्ट येऊन बसलेला असतो. मग क्रॅश भलत्याच फंक्शनमध्ये होतो. क्रॅश झालेल्या ओळीवर लगेच 'नल'ची, म्हणजे पत्ता रिकामा आहे का याची, तपासणी चिकटवणं मला घातक वाटतं. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला तो पत्ता, नल नसतोच, तो शिळा असतो.

म्हणून आधी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावून इंटरप्रिटर पुन्हा बिल्ड करायचा. पायथनचा स्वतःचा अ‍ॅलोकेटरही (मेमरी वाटून देणारा भाग) बंद ठेवायचा, नाहीतर तो लहान ऑब्जेक्टची जागा आपल्याच ताब्यात ठेवतो आणि सॅनिटायझरला सुगावा लागत नाही. मग अहवालात तीन स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याच्या याद्या, मिळतात: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, नंतर कुठे वापरली. खरं उत्तर बहुधा मधल्यात असतं.

दुरुस्ती दोन ओळींची. घटक घेताच आकडा वाढवा, काम झालं की कमी करा. २०२४मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत तर आकडा वाढवूनच घटक हाती देणारं वेगळं फंक्शन आहे. उधार देणारं जुनं फंक्शनही अजून आहेच.