नवतपा आणि घरातला समुद्र

मंडळी, मी घरी काचेच्या टँकमध्ये समुद्री मासे आणि प्रवाळं पाळतो. त्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसाला मनात आलं तर समुद्राचं पाणी कॅनमधून आणता येतं. आपल्या नागपुरात तो लिटर-लिटरने घरी तयार करावा लागतो. आधी आरओ, मग उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, आणि त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास सागरी मीठ. २०० लिटरच्या टँकला ७ किलो. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही, त्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात. एवढा खटाटोप असल्यावर पाणी दर आठवड्याला बदलायचं का, असं मला सगळेच विचारतात.

मी तीन महिन्यांतून एकदा बदलतो. पण हे कशाच्या जोरावर चालतं ते ऐका. नुसतं बदलणं थांबवाल तर टँक क्रॅश होईल, म्हणजे एकापाठोपाठ एक जीव मरतील.

समजा, माशांच्या खाण्यामुळे पाण्यात महिन्याला ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) नायट्रेट हा टाकाऊ पदार्थ वाढतो आणि तुम्ही महिन्याला १० टक्के पाणी बदलता. पहिल्या महिन्यात निघालं किती? ५ चा दहावा भाग, म्हणजे अर्धा पीपीएम. बाकीचं राहिलंच. असं साचत साचत ते ५० च्या घरात जातं, तेव्हा कुठे १० टक्क्यांत ५ निघू लागतात. इमानेइतबारे बादल्या उपसूनही नायट्रेट ५०! म्हणून हे काम आतच व्हायला हवं. सच्छिद्र दगडाच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. स्किमर नावाचं यंत्र घाण कुजण्याआधीच फेसातून बाहेर काढतो. आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत, मी कीटोमॉर्फा शेवाळ वाढवतो. ते नायट्रेट, फॉस्फेट खातं. दर पंधरवड्याला मूठभर उपटून टाकलं की त्याच्याबरोबर तेही घराबाहेर जातं.

आता आपला उन्हाळा. बाहेर ४५ अंश, आणि टँकला लागतात २५-२६. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाण्यावरून वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. कूलरच्या वाळ्याच्या ताटीत जे घडतं तेच इथे घडतं. मात्र त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण जातो. जुलैच्या उकाड्यातही तेच. तेव्हा एसी किंवा पाणी गार करणारा चिलरच लागतो.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, माझ्या टँकमधून दिवसाला ५ लिटर पाणी उडतं. पहिल्या वर्षी मी ती घट मिठाच्या पाण्याने भरली. वाफेबरोबर मीठ जात नाही, हे शाळेत शिकलो होतो, पण हात थांबला नाही. आठवड्याभरात घनता १.०२५ वरून १.०३० वर गेली आणि सगळ्या गोगलगायी गेल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. घट भरायची ती गोड्या पाण्यानेच.

ते गोडं पाणी मी चुन्याच्या निवळीच्या रूपात देतो. पानाचा चुना नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटरभर पाण्यात तो जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंब-थेंब आणि रात्री सोडायची. कॅल्शियम आणि क्षारता (खारटपणा नव्हे, पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) दोन्ही त्यातून मिळतात. इथेच ऋतूची गंमत आहे. मे महिन्यात ५ लिटर निवळी आत जाते, जुलैत दीड. जीव तेच, त्यांची भूक तीच! म्हणून मी उन्हाळ्यात निवळी पातळ ठेवतो, पावसाळ्यात पूर्ण ताकदीची, आणि दर रविवारी क्षारता मोजतो. ८ ते ९ डीकेएच (हे क्षारतेचं माप) याच्या बाहेर जाऊ देत नाही.

माझ्याकडे झोअँथिड, मशरूम अशी मऊ प्रवाळंच आहेत. दगडी सांगाड्याची प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. कोणी स्वस्तात देऊ केली तरी कृपा करून घेऊ नका. मऊ प्रवाळांना कॅल्शियम फार लागत नाही. तीन महिने पाणी न बदलता निभतं, त्यात याचाही वाटा आहे.

तरी मिठाचं तयार पाणी ६० लिटर ड्रममध्ये माझ्याकडे कायम असतं. मे महिन्यात दुपारी वीज गेली की स्किमर बंद, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी. बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावायचा. त्यातूनही एखादा जीव दगडामागे मरून कुजला, तर तीन महिन्यांचं वेळापत्रक विसरायचं आणि त्याच संध्याकाळी टँकचं पाणी काढून हा ड्रम त्यात रिकामा करायचा.