हळदीचा फोटो

नमस्कार श्रोतेहो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या उडण्यातूनच फोटो निघतो. वनस्पतींच्या रसांवरचे असे प्रयोग इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८४२ साली मांडले. कागदाला रस लावायचा, वर पान ठेवायचं, काच दाबायची, उन्हात टाकायचं. झाकलेलं राहतं, उघडं उडतं. पुन्हा सांगतो, झाकलेलं राहतं, उघडं उडतं.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत मुलांकडून हे करून घेत होतो. हळद स्पिरिटमध्ये कालवली, कारण पाण्यात तिचा रंग सुटत नाही. हळद अर्थातच वायगावची. आपल्या शिवारात पिकत असताना लोक पुडीची आणतात, हे मला मुळीच पटत नाही.

तिथं एक आजी आल्या, हातात नवऱ्याचा एकुलता एक फोटो. "बापू, माह्या बुढ्याचा काढून देशीन का?" पारदर्शक कागदावर झेरॉक्स काढली, हळदीच्या कागदावर ठेवून टिनावर टाकली. वैशाखाचं ऊन. काही दिवसांत पिवळ्या रंगात फेटा आला, मिशा आल्या, गळ्याशी उघडी राहिलेली गुंडीसुद्धा आली.

मी म्हटलं, "आजी, पेटीत ठेवा. उजेडात हा पुसला जाईल."

"पेटीत ठेवाले काढला का? दिसाले पायजे ना!" त्यांनी तो ओसरीत लावला.

दिवाळीपर्यंत मिशा गेल्या. पण येईल त्याला आजी फोटो दाखवत. कधी म्हणत, गवळाऊ बैलांची जोडी घेतली त्या पोळ्याचा आहे. कधी म्हणत, थोरल्याच्या लग्नातला. थोरला चिडायचा, "माय, तवा जोडी होती कुठं?" आजी खोटं बोलत नव्हत्या. कागद फिका होत गेला आणि गोष्ट भरत गेली.

बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली हेच मांडलं. त्यानं लोकांना परमुलखातली कथा वाचायला देऊन पुन्हा पुन्हा सांगायला लावली. अनोळखी गोष्टी गळाल्या, ओळखीच्या शिरल्या. आठवण ठेवलेली नसते, दर वेळी नव्यानं घडते. मोबाईलमध्ये हजारो फोटो साठवून एकही न उघडणाऱ्यांपेक्षा मला आजींची ओसरी प्यारी आहे.

करून बघा. शेवटी टाकणखाराचं पाणी हलकेच फिरवलं, तर पिवळा रंग तांबूस होतो. आणि फोटोमागची गोष्ट घरातल्या दोघांकडून वेगवेगळी लिहून घ्या, एकमेकांना न ऐकवता.